मातीला मोड नसते

वाचकाचं पत्र

"सप्रेम नमस्कार. मी कर्वेनगरला राहते, वय ३६. जपानी भाषेची अनुवादक आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कामानिमित्त पाच वेळा जपानला जाऊन आले आणि दर खेपेला भांडी आणली. गुइनोमी (साके या तांदळाच्या दारूचे छोटे पेले), युनोमी (चहाचे पेले), चहाचे दोन मोठे वाडगे, अशी एकूण तेवीस. शिवाय तिथल्या एका कारागीर बाईंकडून घेतलेली मोकुमे-गानेची, म्हणजे धातूंच्या थरांची नक्षी असलेली अंगठी. फ्लॅट दोन बेडरूमचा, त्यामुळं सगळं खोक्यात घालून माळ्यावर ठेवलंय. त्यातला हागी गावचा एक पेला वापरायला काढला, तर आठवड्यात त्यावर चहाचे डाग पडले आणि महिन्याभरात तो ओट्यावरून पडून फुटला. अंगठी आत्याबाईंनी प्रेमानं चिंच लावून घासली, तिचा रंगच गेला. परवा सासूबाईंना एका पेल्याची किंमत कळली: चौदा हजार. त्या एवढंच म्हणाल्या, 'सोन्याला मोड तरी असते गं, मातीला काय?' मला उत्तर सुचलं नाही. आता एका ऑनलाइन लिलावात हामादा शोजी या नामवंत जपानी कुंभाराचा म्हणून एक युनोमी आलाय, लाकडी खोक्यासकट, साठ हजारांच्या घरात. बुडाला शिक्का नाही. घ्यावा का? की हा नादच सोडावा?"

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सासूबाई बरोबर बोलल्या. लक्ष्मी रोडवर पाटल्या करायला टाकताना आपण घडणावळ वजा जाता बाकीचे पैसे घरातच आहेत असं धरून चालतो, आणि अडीअडचणीला ते तसे उपयोगी पडतातही. पाटली मोडली तरी सोनं सोनंच राहतं. पेला फुटला की पेलाही जातो आणि मातीही, कारण एकदा बाराशे अंशांवर भाजलेली माती पुन्हा चाकावर चढत नाही. तुमच्या चौदा हजारांत मातीचे पैसे जवळजवळ नाहीतच. ती सगळी घडणावळ आहे. तेव्हा ही भांडी म्हणजे बचत, असं मनात कुठं असेल तर ते आधी काढून टाका. हयात असलेल्या, फार गाजावाजा नसलेल्या कुंभाराचं भांडं विकायला काढलंत तर पुण्यात गिऱ्हाईक मिळणं अवघड, आणि जपानमध्येसुद्धा बहुतेकदा दिले त्यापेक्षा कमीच येतात. मोड नसलेल्या वस्तूची किंमत वापरण्यातूनच वसूल होते. फुटलेला हागी सोडला तर तुमची बावीसच्या बावीस माळ्यावर आहेत, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

घडणावळ म्हणजे काय, ते सासूबाईंना सांगता यावं म्हणून एकाच पेल्याचं सांगते. माझ्याकडे बिझेनचा एक गुइनोमी आहे. साकेचा हा छोटा पेला माझ्या मुठीत पूर्ण मावतो. बिझेन हे ओकायामा प्रांतातलं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलंय, ती बाग ओकायामा शहरातली, आणि तिथून इम्बे हे बिझेनच्या कुंभारांचं गाव लोकल गाडीनं तासाच्या आत. तिथली माती भातखाचरांच्या खालच्या थरातून काढतात. तिच्यात लोह भरपूर असतं आणि भाजताना ती फार आकसते. घाई केली की तडे जातात, म्हणून भट्टी हळूहळू चढवावी लागते. पाइनची लाकडं रात्रंदिवस घालत दहा-बारा दिवस, कधी दोन आठवडे. ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, अजिबात नाही. रंग येतो तो राख, ज्वाळा आणि भट्टीत त्या भांड्याला मिळालेली जागा यांच्यामुळं.

माझ्या पेल्याची एक बाजू भिजलेल्या विटेसारखी तांबडी-तपकिरी आहे. दुसऱ्या बाजूवर बारीक पिवळट ठिपके आहेत, भाकरीवर तीळ लावावेत तसे. ती उडून बसलेली आणि तिथंच वितळलेली राख. जपानी लोक तिला गोमा म्हणतात, आणि गोमा म्हणजे तीळच, हे मी तुम्हाला सांगायला नको. काही भांड्यांवर लालभडक रेघा असतात. रचताना भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालतात, त्यातले क्षार मातीतल्या लोहाशी मिळून तो रंग देतात. पेला उलटा केला की बुडाशी अंगठ्याचा एक उथळ ठसा दिसतो. कुंभारानं ओला पेला चाकावरून उचलला तेव्हाचा. माझा अंगठा तिथं बरोबर बसतो. अशी भट्टी वर्षाला एखाददुसरी पेटते, त्यात काही भांडी वाया जातात, आणि उरलेल्यांतून त्या माणसाचं वर्ष निघायचं असतं. चौदा हजार कसे होतात, ते यातून समजतं. महाग आहे हे खरंच, पण कुणी फसवलेलं नाही.

नाद सोडावा का, असं विचारलंत. एक करा. बाजीराव रस्त्यावरच्या राजा केळकर संग्रहालयात सासूबाईंना घेऊन जा. दिनकर केळकरांनी अडकित्ते जमवले, दिवे जमवले, पाय घासायच्या वज्र्या जमवल्या, कुंकवाचे करंडे जमवले. ज्यांना तेव्हा कुणी संग्रहाची वस्तू मानत नव्हतं, अशा घरगुती गोष्टी. सासूबाई तिथं 'असा अडकित्ता आमच्या माहेरी होता' असं म्हणतील, आणि तुमचं निम्मं काम तिथंच होईल. केळकर इकडं हे करत होते त्याच काळात तिकडं जपानमध्ये यानागी सोएत्सु हे विचारवंत खेडोपाडी फिरून वाडगे, टोपल्या, कापड गोळा करत होते. लोकांच्या रोजच्या कलाकुसरीसाठी 'मिंगेई' हा शब्द त्यांनी मित्रांबरोबर १९२५ मध्ये घडवला, आणि १९३६ मध्ये टोकियोत त्याचं संग्रहालय उघडलं. दोघांची दृष्टी एकाच जातीची होती: हातानं केलेली, हातात वापरली गेलेली वस्तू सांभाळण्यासारखी असते. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. केळकरांचा आणि यानागींचा जीव बहुतेक अनाम कारागिरांच्या वस्तूंत होता. तुम्ही घेता ती स्टुडिओची भांडी, नाव असलेल्या एका माणसाची. नावाचे पैसे त्यात असतात. किती नावासाठी आणि किती भांड्यासाठी, हा प्रश्न दरवेळी स्वतःला विचारायला हवा.

म्हणूनच लिलावाचं आधी सांगते: घेऊ नका.

शिक्का नाही म्हणून खोटा, असं मात्र समजू नका. हामादा शोजी (१८९४–१९७८) इंग्लंडहून परतल्यानंतर आपल्या भांड्यांवर सही-शिक्का करत नव्हते. भांडं स्वतःच बोललं पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. त्यामुळं त्यांच्या बाबतीत बुडाला शिक्का नसणं हेच रीतीला धरून आहे. सही असते ती खोक्यावर. किरी लाकडाचं हलकं खोकं, त्याच्या झाकणावर वस्तूचं नाव आणि कुंभाराची सही. याला तोमोबाको म्हणतात. पण मग सगळा भरवसा त्या खोक्यावर येतो, आणि खोकं खरं असून आतलं भांडं दुसरंच, असं सहज होऊ शकतं. माशिकोत, म्हणजे हामादा जिथं राहून काम करत त्या गावात, त्यांच्या वळणाची भांडी करणारे पुष्कळ होते आणि आहेत. त्यांच्या स्वतःच्या कार्यशाळेतून निघालेली, पण त्यांच्या हातची नसलेलीही भांडी आहेत. १९५५ मध्ये जपान सरकारनं ज्यांना पहिल्यांदा 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवलं त्यांत हामादा होते, तेव्हा त्या नावाला भाव आहे, आणि भाव आहे तिथं लबाडीही येते. फोटो बघून साठ हजार घालण्याची ही जागा नव्हे.

यात मी स्वतः पोळले आहे. वीस वर्षांपूर्वी एका दुकानातून मी खोक्यासकट एक पेला घेतला. दुकानदारानं खोक्यावरच्या अक्षरांकडं बोट दाखवून मोठं नाव सांगितलं, मी मान डोलावली. पुण्यात आल्यावर शेजारच्या, जपानी शिकणाऱ्या मुलानं ते वाचलं. त्यावर 'कोगो' लिहिलं होतं. धुपाची डबी. खोकं डबीचं, आत पेला. तुम्हाला जपानी वाचता येतं, हे तुमच्या हातात फार मोठं हत्यार आहे. वळणदार हस्ताक्षर लागायला वेळ लागेल, पण वस्तूचं नाव तरी तपासता येईल. भांडं खोक्यात नीट बसतं की खुळखुळतं तेही बघा. भांड्यावर शिक्का असेल तर तो खोक्यावरच्या शिक्क्याशी जुळतो का, खोकं कुंभारानं स्वतः लिहिलंय की मागाहून कुणी करवून घेतलंय, हे विचारायला लाजू नका. विक्रेता या प्रश्नांना कंटाळला तर तिथून उठा.

त्या साठ हजारांचं काय करायचं, तेही सुचवते. आपल्याकडं बघा. बिझेनला तिथले कुंभार यामामोतो तोशू यांच्या हाताखाली काम शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्यासोबत १९७१ मध्ये पुदुच्चेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आज देशभर काम करणारे कितीतरी स्टुडिओ कुंभार तिथं शिकून गेले. त्याच्याही आधी सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले, यानागी, हामादा, इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्या मैत्रीत राहिले आणि परत येऊन त्यांनी आयुष्यभर हेच काम केलं. म्हणजे तुम्ही टोकियोहून हातसामानात जपून आणता, त्या घराण्याची एक शाखा शंभर वर्षं इथंच आहे. पुण्यात आणि आसपास लाकडाची, गॅसची भट्टी लावणारे लोक आहेत. त्यांच्या स्टुडिओत जा, भट्टी उघडायच्या दिवशी बोलवा म्हणावं. गरम भांडी बाहेर येताना ग्लेझ तडकल्याचा बारीक टिणटिण आवाज येतो, तो एकदा ऐकाच. कसब्यात तांबट आळीत तांब्यावर मठारकाम करणाऱ्यांकडं तासभर उभ्या राहा. हातोडीचा प्रत्येक घाव शेजारच्या घावाला कसा लागून बसतो ते पाहिलंत, की जपानी चांदीवरचे हातोडीचे ठसे तुम्हाला वेगळ्या नजरेनं दिसतील.

घेताना कुठलीही गोष्ट उलटी करा. उन्हाळ्यात माठ घेताना आपल्या आज्या टिचकी मारायच्या. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर राहू द्यायचा. ही परीक्षा उच्च तापमानाला भाजलेल्या भांड्यांनाही चालते. हागी किंवा राकू (कमी आचेवर भाजलेली जपानी भांडी) मात्र मुळातच मऊसर, सच्छिद्र, त्यामुळं धड असूनही बद्द वाजतात, त्यांना या कारणानं नाकारू नका. बुडाची कड, जिला कोदाई म्हणतात, ती सगळ्यात खरं सांगते. तिथं ग्लेझ थांबलेलं असतं, माती उघडी दिसते, कुंभाराचं कोरणं दिसतं. वरून सुंदर आणि खाली आळसानं कापलेलं भांडं मी घेत नाही. दागिन्याचंही तेच. तुशी उलटी करून बघा, चांगल्या पटवेकऱ्यानं गाठवलेली असेल तर मागचा दोराही समोरच्या मण्यांइतका नीट असतो. कारागिराच्या अंगठीत डाग दिलेला सांधा कुठं आहे, आतली बाजू बोटाला टोचते का, कानातल्याची दांडी किती जाड आहे, हे आधी. खड्याकडं नंतर.

आणि एक वही घाला. प्रत्येक वस्तूला एक पान: कुणाकडून, कुठं, कधी, कितीला, माती कुठली, तो माणूस काय म्हणाला. बुडाचा फोटो, पावती. यापुढं वर्षाला एकच वस्तू, असं ठरवता आलं तर बघा. मी ते पाळते, आणि त्या एकीसाठी वर्षभर किती बघितलं जातं याचं मलाच आश्चर्य वाटतं.

आता वापराचं. हागीवर डाग पडले म्हणून तुम्ही हळहळलात, पण हागी घेणारे त्यासाठीच घेतात. तिच्या ग्लेझला बारीक जाळी असते, चहा त्यातून आत झिरपतो आणि वर्षानुवर्षं रंग पालटत जातो. 'हागीची सात रूपं' असं तिकडं म्हणतातच. पण ते होतं साध्या हिरव्या चहानं. आपला आलं घालून उकळलेला दुधाचा चहा त्या मातीत गेला की दूध आत राहतं आणि वास धरतं. हळदीचं, लोणच्याचं तर नावच काढू नका. दुधाच्या चहाला माशिकोसारखी जाड ग्लेझची भांडी किंवा पोर्सेलिन काढा. बिझेन, हागी वापरण्याआधी दोन मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवा. माती पाणी पिऊन घेते, मग चहा कमी ओढते. बिझेन तर पाण्यात गेलं की असं उजळतं की सुकं बघवत नाही. नवी सच्छिद्र भांडी एकदा तांदळाच्या धुवणात मंद आचेवर उकळून त्यातच थंड होऊ द्यायची, त्यानं छिद्रं थोडी भरतात.

पावसाळ्यात फार जपा. पुसलेलं भांडं कोरडं वाटतं, पण आतून ओलं असतं. लगेच खोक्यात घातलं तर आठ दिवसांत बुरशी. दोन-तीन दिवस उघड्यावर राहू द्या, मगच आत. बबल रॅप काढून टाका, सुती कापड वापरा. डांबरगोळ्या त्या कपाटात ठेवू नका, तो वास माती सोडत नाही.

बावीसपैकी सहा खाली आणा. ओट्याजवळ, हाताशी येईल अशा फळीवर, कडेला छोटी पट्टी मारून. बाकीची सोळा माळ्यावरच राहू देत, दर दोन महिन्यांनी बदला. सहातला एक पेला सासूबाईंना निवडू द्या. किंमत न सांगता, प्रत्येक हातात देऊन. त्या कुठल्या पेल्यावर थांबतात ते बघा. ज्यांनी आयुष्यभर भांडी हाताळली आहेत त्यांचा हात चुकत नाही, आणि त्यांनी निवडलेल्यात काय आहे हे तुम्हालाही त्या दिवशी नव्यानं दिसेल. मी माझ्या आईबाबत हे केलं होतं. तिनं सगळ्यात साधा, राखाडी पेला उचलला आणि म्हणाली, 'हा ओठाला लागत नाही.' त्यानंतर मी पेल्याची कड बघायला शिकले.

अंगठीचं वाईट वाटलं, पण ती गेलेली नाही. मोकुमे-गाने म्हणजे वेगवेगळ्या धातूंचे थर एकजीव करून, कोरून, ठोकून काढलेली लाकडाच्या रेषांसारखी नक्षी. मूळची तलवारीच्या मुठीजवळच्या चकतीसाठीची. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, तेव्हा ते कारागीर दुसऱ्या शोभेच्या वस्तूंकडं वळले. त्यातले काळसर, राखाडी रंग हे धातूचे अंगचे रंग नसतात. तांब्यात थोडं सोनं किंवा चौथा हिस्सा चांदी मिसळून केलेल्या मिश्रधातूला तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळून वर तो पातळ थर आणलेला असतो. त्याआधी मुळ्याचा कीस चोळण्याची जुनी पद्धत आहे. चिंचेनं तो थर गेला, नक्षी तशीच आहे. करणाऱ्या बाईंना जपानीत सविस्तर लिहा, काय झालं ते खरं सांगा. पुन्हा रंग चढवून देणं हे त्यांचं नेहमीचं काम असतं. आत्याबाईंना काही बोलू नका, तांब्याला चिंच लावायची हे त्यांचं बरोबरच होतं. पुढं हीच अंगठी भांडी घासताना, साबण लावताना काढून ठेवायची आणि मऊ सुक्या कापडानंच पुसायची. ऑक्सिडाइज्ड चांदीलाही हेच लागू, सराफाकडच्या पॉलिशच्या पाण्यात ती बुडवायला देऊ नका.

राहिला फुटलेला हागीचा पेला. तुकडे टाकले नसाल अशी आशा आहे. इन्स्टंट गोंद लावला नसाल अशीही, कारण तो काढताना कडा खराब होतात. किंत्सुगी, म्हणजे फुटलेलं भांडं उरुशीनं जोडून सांध्यावर सोनं चढवणं, करायचं तर खऱ्या उरुशीनं करणारा माणूस शोधा. एपॉक्सीवर सोनेरी भुकटी टाकून देणारे पुष्कळ आहेत, ते दिसायला बरं, पण त्यातून चहा प्यायचा नाही. उरुशी हा झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या बिब्ब्याच्या, काजूच्या कुळातलं. ओला असताना अंगाला लागला तर बिब्बा उततो तसा उततो, म्हणून हौसेनं घरी करायला जाऊ नका. तो घट्ट व्हायला कोरडी हवा चालत नाही, दमट आणि उबदार लागते. आपल्याकडचे आषाढ-श्रावण त्याला मानवतात. एकेक थर बसत जाऊन काही आठवडे, कधी महिने लागतात. तोपर्यंत सगळे तुकडे, नखाएवढी कपचीसुद्धा, स्वच्छ पाण्यानं धुऊन आठ दिवस सावलीत सुकवा आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या सुती फडक्यात गुंडाळा. एकत्र बांधलेत तर कडा एकमेकींवर घासून झिजतात आणि मग सांधा जुळत नाही.